नाक्यावरचा प्रेक्षक : पाहिलेल्या चित्रांची चोपडी

दिवाळीत व्यापारी चोपड्यांची पूजा करतात. ज्याला कुणाचे देणे नाही आणि कुणाकडून घेणेही नाही, अशा निवृत्त मास्तराने काय करावे? त्याने पाहिलेल्या चित्रांचा जमाखर्च मांडावा. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे. नव्यांना एवढेच सांगतो की, मी टीकाकार नाही. पदरचे पैसे मोडून, आणि पुष्कळदा शेवटची गाडी डोक्यात ठेवून, चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक आहे. टीकाकाराला चित्रपट पाहावा लागतो. मला तो पाहायला मिळावा लागतो. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे आणि ते एसटीच्या टप्प्यांत मोजता येते.

आमचे कनेरगाव नाका नकाशावर शोधायचे तर हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बोट ठेवावे आणि मराठवाडा संपत आला की थांबावे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागले. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत अलीकडे निजामाचा अंमल होता. गावाच्या नावाला 'नाका' हे शेपूट उगीच चिकटलेले नाही. पुढे राज्ये बदलली, 1999 च्या महाराष्ट्रदिनी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण नाका तो नाकाच राहिला. नाक्यावर चहा मिळतो, भजी मिळतात, खत-बियाणे मिळते, मोबाईलला लावायची काच मिळते. चित्रगृह मात्र नाही. हिंगोलीला जा नाहीतर वाशीमला जा. मोठा पडदा आणि गार हवा हवी असेल तर नांदेड नाहीतर अकोला गाठा. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा की, कोणत्याही दिशेला गेले तरी चित्रपट तेवढाच दूर पडतो.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हल्ली जो तो खिशात चित्रगृह घेऊन हिंडतो, तुम्ही कुठल्या काळात आहात? खरे आहे. पारावर बसलेली पाच पोरे पाच वेगवेगळे चित्रपट पाहत असतात आणि पाचही जणांच्या कानात बोंडे असतात. मला त्याचा राग नाही. पण या चोपडीचा एक नियम मी पहिल्यापासून पाळला आहे : एकट्याने पाहिलेले चित्र इथे जमेस धरायचे नाही. निदान एक माणूस तरी शेजारी हवा, आणि तो परतीच्या वाटेवर माझ्याशी भांडला पाहिजे. माझ्या बाबतीत हा माणूस बहुधा घरातलाच असतो. आमच्या सौ.ने चित्रपटांची वर्गवारी केली आहे, ती विद्यापीठाने मान्य करावी इतकी नेमकी आहे. पहिला प्रकार, ज्यासाठी सकाळीच स्वयंपाक उरकून निघावे. दुसरा, जो भाजी निवडत पाहावा. आणि तिसरा, ज्याचे नाव काढले तरी तिला एकाएकी कपाटे आवरायची असतात.

पहिल्या प्रकारातले चित्र म्हणजे केदार शिंदे यांचे 'बाईपण भारी देवा'. ते 30 जून 2023 रोजी, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी लागले. आमच्याकडे हे पेरणीचे दिवस. सोयाबीन आणि हळद यांपुढे रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांचे काय चालणार, असे मला वाटत होते. पण त्याच वर्षीच्या 17 मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले होते, आणि या दोन तारखांनी मिळून जो चमत्कार केला तो समीक्षकांच्या लेखात कुठे वाचायला मिळाला नाही. पेरण्या उरकल्या तशा बायका घोळक्याने निघाल्या. नव्या साड्या, डोळ्यांवर काळे चष्मे, डब्यात धपाटे! सबंध गाडीत पूर्ण तिकीट काढलेला मी एकटाच असेन असे वाटले. वाहकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, काका, तुम्ही इकडे कुठे?

दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढेच कथानक. खरे म्हणजे मंगळागौर आमच्याकडच्या घरोघरची नव्हे. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, नदीपलीकडे भुलाबाई. तरीही सबंध चित्रगृहात एकही बाई अशी नव्हती की जिला त्या सहांत आपली बहीण सापडली नाही. चित्रपट म्हणून पाहिले तर त्यात उणिवा ढीगभर आहेत. सगळ्या गाठी शेवटच्या अर्ध्या तासात अशा भराभर सुटतात की जणू लाडूची पुडीच सोडली. नवरे मंडळी तर रंगवलेली नाहीत, नुसती टांगलेली आहेत. पण परतीच्या गाडीत माझ्या मागच्या बाकावरच्या दोघी सख्ख्या जावा, ज्यांचे चार वर्षांत बोलणे नव्हते हे साऱ्या नाक्याला ठाऊक, त्या एका डब्यातले धपाटे खात होत्या. दिग्दर्शकाच्या खात्यावर हे जमा करायचे की एसटीच्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

परेश मोकाशी यांचा 'वाळवी' (जानेवारी 2023) भाच्याच्या आग्रहाने पाहिला. घरातच, दूरदर्शनसंचाच्या मोठ्या पडद्यावर, आठ-दहा जणांनी दाटीवाटीने बसून. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोच्या खुनाचा बेत रचतात, आणि तो इतका काटेकोर रचतात की प्रत्येक मिनिटाचा हिशेब. मग त्या हिशेबाला वाळवी लागते. पुढचे सांगणे हे पाप आहे आणि ते मी करणार नाही. सांगायचे ते एवढेच की, त्या खोलीत बसलेली आम्ही सगळी पापभीरू माणसे, त्यांत दोन माळकरी, मनातल्या मनात खुन्याचा बेत फसू नये म्हणून धडपडत होतो! प्रेक्षकाला असे नकळत गुन्ह्यात सामील करून घेणे हे रहस्यपटाचे खरे कसब. स्वप्नील जोशी यांना आपण वर्षानुवर्षे गोड प्रेमिक म्हणून पाहिले, तोच गोडवा इथे विषासारखा वापरला आहे. अनिता दाते यांची बायको पाहून आधी हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. मराठीत रहस्यपट म्हणजे एक बंगला, एक कंदील आणि पांढरी साडी अशी आमची समजूत होती; या चित्राने ती दोन तासांच्या आत मोडून काढली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा भाच्याने मला फोन करून, जणू पुरस्कार त्यालाच मिळाला अशा थाटात, पेढे मागितले.

एक बाकी राहिली आहे तीही इथेच लिहून टाकतो. 2023 च्या दिवाळीत सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली, आणि तीही कृष्णधवल. आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या चित्राला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते, हे आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलेले. तेव्हा नवे चित्र पाहणे हे माझे कर्तव्यच होते. पण त्याच आठवड्यात टायगरही आला. मी फराळाचे आटोपून तिकिटबारीशी पोचलो तेव्हा श्यामची आई उतरली होती. खिडकीतल्या माणसाने सांगितले, "गुरुजी, चार लोकांसाठी मशीन कसं लावावं?" त्याचेही चूक नाही. विजेचे बिल श्यामच्या आईच्या संस्कारांवर भरता येत नाही.

'छावा'ला मात्र चार माणसांची अडचण नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये तो लागला आणि आमच्याकडून टेंपो भरभरून गेले. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीची पारायणे केलेली आमची पिढी एका बाजूला, आणि कादंबरी न उघडलेली नातवंडे दुसऱ्या बाजूला. पण रडताना दोघांत फरक दिसला नाही. पोरे उभी राहून घोषणा देत होती आणि शेवटी शेवटी सबंध चित्रगृह हुंदके देत होते. त्या अश्रूंची थट्टा करणारा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजणार नाही.

तरीही हिशेब तो हिशेब. लक्ष्मण उतेकर यांचे हे चित्र फार ओरडते. विकी कौशल यांनी अंग मोडून काम केले आहे, पण त्यांच्या राजाला हळू बोलायची परवानगीच नाही. पहिल्या तासाभरात इतक्या तलवारी वाजतात की खरा प्रसंग येईतो कान बधिर झालेले असतात. उलट अक्षय खन्ना यांचा औरंगजेब पाहा : तो जवळजवळ हलत नाही, पुटपुटल्यासारखा बोलतो, आणि पडदा त्याचाच होऊन बसतो. शत्रूला मौन द्यावे आणि नायकाला आरोळी, हा वाटपाचा घोळ आहे. ज्या राजाने कोवळ्या वयात 'बुधभूषण'सारखा संस्कृत ग्रंथ रचला, त्याचा एखादा निवांत क्षण, लेखणी हातात घेतलेला, दाखवला असता तर शेवटचे हाल पाहताना आपण काय गमावतो आहोत ते अधिक कळले असते. हे मी टेंपोत बोलून दाखवले. त्यानंतर नाक्यापर्यंत माझ्याशी कुणी बोलले नाही, तेव्हा नियमाप्रमाणे भांडण झाले असे धरून चित्र जमेस लावले आहे.

भयपटाची गोष्ट निराळी. नारायण धारप यांच्या कथा कंदिलाच्या उजेडात वाचून रात्री परसात जायला घाबरलेली जी पिढी आहे, तिला 'तुंबाड' चुकवून चालणार नव्हता. राही अनिल बर्वे यांचे हे चित्र 2018 साली आले तेव्हा आमच्याकडे पोचलेच नाही. 13 सप्टेंबर 2024 रोजी ते पुन्हा लागले आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवून गेले. चित्रपटसृष्टीत असे क्वचितच घडते. मी भाच्याबरोबर नांदेडला जाऊन पाहिले. फोनवर हे चित्र पाहणे म्हणजे दुपारी बाराला चांदणे शोधण्यासारखे आहे, इतका त्यात अंधार आहे, आणि सगळे सौंदर्य त्या अंधारातच आहे. 1918 पासून 1947 पर्यंतचा काळ, कोकणातला एक पडका वाडा, पोटात गाडलेले सोने, ते राखणारा हस्तर, आणि कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरणारा विनायक. भुताची भीती वाटते ती घटकाभर. विनायकाची वाटते ती घरी येईपर्यंत पुरते. बाप मुलाला लोभाची शिकवणी देतो तो भाग पाहताना मला माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत भेटलेले चार-दोन पालक आठवले.

आणि पाऊस! सबंध चित्रभर पाऊस कोसळत असतो. देवांचा कोप म्हणून. भिंतींना शेवाळे, अंगावरचे धोतर कायम ओले. आमच्या मागच्या रांगेत एक शेतकरी गृहस्थ बसले होते, ते मध्यंतरात म्हणाले, "हे भूत परवडलं, पाऊस नको." त्यांना तसे वाटावे याला कारण होते. त्याच सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांना पावसाने असे झोडपले होते की उभे सोयाबीन आडवे झाले. पैनगंगेचे पाणी शेतांत शिरलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. ते पाणी उतरते न उतरते तोच महिन्याभरात, 18 ऑक्टोबरला, घोटभर पाण्याला महाग झालेल्या मराठवाड्यातल्या गावावरचा चित्रपट लागला. त्याचे नावच 'पाणी'. आणि या वेळच्या चोपडीत मला सर्वांत जास्त पाने त्यालाच द्यायची आहेत.

आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेले हे पहिलेच चित्र, आणि नायकही तेच. कथा खरी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे. तरुणाचे लग्न जमता जमता अडते, कारण त्याच्या गावात पाणी नाही. पोरगी देऊन तिच्या डोक्यावर जन्मभराची घागर कोण ठेवील? तेव्हा तो हट्टाला पेटतो की गावात पाणी आणीन. मग गावाला पटवणे, पुढाऱ्यांची आडकाठी, उतारावर चर खणणे, वाहून जाणारे पाणी अडवणे आणि जिरवणे. हे सगळे शासकीय माहितीपटासारखे कंटाळवाणे होऊ शकले असते, तसे ते झालेले नाही. कारण प्रत्येक कुदळीमागे एक लग्न आहे. रुचा वैद्य यांची सुवर्णा थोडे बोलते आणि पुष्कळ सांगते. उन्हाने तडकलेली जमीन दाखवायची तर दिग्दर्शक हटकून वरून छायाचित्रण करतात, नक्षी छान दिसते म्हणून. इथे जमीन आपल्या उंचीवरून दिसते, पायाला भाजेल अशी. भाषाही बहुतेक ठिकाणी आमची आहे, पुण्याहून आणून फोडणी दिलेली नाही. उत्तरार्धात चित्र थोडे रेंगाळते, आणि विरोधकांचे मतपरिवर्तन सोयीच्या वेळी होते, हे खरे. पण ते मी सोडून देतो.

सोडवत नाही ती गोष्ट दुसरीच. या चित्राला पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तो 2019 च्या ऑगस्टमध्ये. चित्रगृहात ते आले 2024 च्या ऑक्टोबरात. पाच वर्षे! मध्ये महामारी आली हे मान्य, पण तरीही पाच वर्षे. राष्ट्रपतींच्या पुरस्काराची मोहर असलेल्या चित्राची ही गत, तर बाकीच्यांची काय कथा? आणि ज्यांच्यावर ते काढले त्या आमच्या मुलखात ते किती दिवस टिकले, हे विचारू नका. आम्ही सहा जण जीप करून गेलो : मी, भाचा, आणि गावातले चौघे तरुण शेतकरी. चौघेही तिशीच्या आसपासचे आणि चौघेही बिनलग्नाचे. यांतली शेवटची बाब मुद्दाम लिहिली आहे.

चित्र संपल्यावर आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला. इतर वेळी ही पोरे बडबडून डोके उठवतात. त्या दिवशी कुणी बोलेना. मला वाटले, चित्र मनाला लागले. मास्तरकीच्या सवयीने मी दोन शब्द बोलणारही होतो, जिद्द वगैरे. तेवढ्यात त्यांतला थोरला म्हणाला, "गुरुजी, त्यानं पानी आनलं, त्याला पोरगी भेटली. आमच्या हिरीला पानी हाय, मोटर हाय, हळदीचा पट्टा हाय. तरी भेटंना. मंग आमी काय आनावं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. शहरातल्या वाचकांना हे थोडे उलगडून सांगायला हवे. आमच्याकडे आज मुलगी देताना बाप पहिल्यांदा विहीर विचारत नाही, नोकरी विचारतो. पंचवीस एकरांच्या धन्यापेक्षा पुण्यातल्या कंपनीत पंधरा-वीस हजारांवर राबणारा, भाड्याच्या एका खोलीत राहणारा मुलगा त्याला बरा वाटतो. त्यालाही दोष देता येत नाही. सप्टेंबरातल्या दोन दिवसांत ज्याचे वर्षाचे पीक वाहून गेले, त्या घरात लेक कोणत्या धीराने द्यावी? 'पाणी' या चित्राचा गाभा असा की, गावाची एक अडचण सोडवली की माणसाचे आयुष्य सुरळीत होते. ती कथा खरी आहे, घडलेली आहे, म्हणून तर ती आपल्याला उभारी देते. पण पडद्यासमोर बसलेल्या या चौघांची अडचण चित्राच्या पुढे निघून गेली होती. ते चित्र त्यांना भूतकाळातले वाटले. सुखाच्या शेवटाकडे ते, दुसऱ्याच्या दिवाळीची रोषणाई बघावी तसे बघत होते.

घरी आल्यावर ही हकीकत मी ओसरीवर सांगितली. आमच्या शेजारी एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, चार लेकी दिलेल्या. त्यांनी चित्र पाहिलेले नव्हते. मी कथानक सांगत गेलो आणि त्या वाती वळत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मास्तर, सगळं झ्याक. पन त्या पोरीला कोनी इचारलं का, बाई तुला काय पायजे? आन पानी आलं म्हंजी काय आपल्या पायानं रांजनात शिरतं व्हय? ते भरनार कोन?"

त्यानंतर मी ते चित्र डोक्यात पुन्हा एकदा चालवून पाहिले. सुवर्णा गोड आहे, ठाम आहे, वाट पाहते. पण वाटच पाहते. तिच्या मनातले गाव कसे आहे, हे चित्राने तिला नीटसे विचारलेले नाही. चित्र उत्तम आहे हे माझे मत कायम आहे. आजींचा प्रश्नही मी त्याच पानावर लिहून ठेवला आहे.

आता जरा तुमच्या शहराकडे येऊ. मोकाशींचेच 'नाच गं घुमा' हे चित्र 1 मे 2024 रोजी लागले. नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे कामाला येणारी आशाताई. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. यांची जुगलबंदी इतकी रंगते की पूर्वार्धात हसून हसून पुरेवाट होते. नम्रता संभेराव यांना आजवर छोट्या पडद्याने विनोदाच्या चौकटीत ठेवले होते. इथे त्या डोळ्यांनीच अर्धे काम करतात. उत्तरार्धात सगळेच भावूक होतात, आणि कामवाल्या बाईचा प्रश्न कुटुंबाच्या जिव्हाळ्याने सोडवून टाकतात. पगारवाढीपेक्षा जिव्हाळा स्वस्त पडतो हे मोकाशींना ठाऊक नसेल असे नाही. चित्र राणीच्या स्वयंपाकघरातून जग पाहते. ओट्यापाशी उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीच्याच घरी आपण खऱ्या अर्थाने जाऊन येतो. तुम्ही हे चित्र सहकुटुंब पाहिले असेल, हसलाही असाल. आता एकदा तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला, सहज म्हणून, गाव कोणते ते विचारा. पुण्या-मुंबईत या बायकांतल्या कितीतरी जणी मराठवाड्याच्या निघतात. त्यांच्यातल्या एखादीला तिच्या बापाने पाण्याच्या गावातून उचलून नोकरीवाल्याला दिले असेल. आणि नोकरीवाल्याच्या पगारात भागत नाही म्हणून ती आता तुमच्या नळाखाली तांब्या धरून उभी असेल.

'लापता लेडीज' (मार्च 2024) हे किरण राव यांचे चित्र मी शेवटी ठेवले, कारण ते आम्ही ओसरीवर पाहिले आणि आजीही होत्या. खिडकीत दूरदर्शनसंच, समोर सतरंजी, गल्लीतल्या बायका, शाळकरी पोरी, कडेला भिंतीला टेकून ते चौघे तरुण. भाषा हिंदी, पण निजामाच्या मुलखातल्या आम्हा लोकांना हिंदीचे ओझे कधीच वाटले नाही. रेल्वेच्या डब्यात घुंगटातल्या दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, एवढ्या धाग्यावर हे विनोदी चित्र उभे आहे, आणि त्याने एकदाही आवाज चढवलेला नाही. स्टेशनावर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई आमच्या छाया कदम यांनी केली आहे. 'फँड्री' आणि 'सैराट'पासून आम्ही त्यांना ओळखतो, पण ही बाई काही वेगळीच. एकटी राहते, कष्टाने खाते, आणि एकटे राहणे जमले की मग कुणाचे काही चालत नाही असे ठणकावून सांगते. आमच्या ओसरीवर त्या वेळी जी शांतता पसरली तिच्यात मला नवऱ्यांच्या जमातीबद्दल थोडी काळजी वाटली. रवी किशन यांचा लाचखाऊ फौजदार पान चघळत चघळत अखेरीस माणूस निघतो, तो बदल 'पाणी'तल्या मतपरिवर्तनापेक्षा पुष्कळ अधिक खरा वाटतो, कारण त्याच्या लुच्चेपणातच तो दडलेला आहे. शेवट काहीसा परीकथेसारखा आहे. असो, दोन तास ज्याने सुखात ठेवले त्याला शेवटची दहा मिनिटे माफ असावीत.

त्या दोघींतली जया नावाची मुलगी पळते आहे ती प्रियकरासाठी नव्हे. तिला डेहराडूनला जाऊन सेंद्रिय शेती शिकायची आहे. तिला शेतीतले कळते. पिकावरची कीड पाहून ती उपाय सांगते. हे ऐकल्याबरोबर आजींनी वाती बाजूला ठेवल्या. "काय म्हनली ती? शेतीचं शिकाया चालली?" मी म्हटले, "हो आजी." "आपल्या मनानं?" "आपल्या मनाने."

आजी भिंतीकडे वळल्या आणि त्या चौघांना म्हणाल्या, "बघा रे. शेती नको म्हनतेत असं नाई. कोनाच्या मनानं करायची ते इचारा आधी."

थोरला जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, शिकून झाल्यावर ती गावाकडं परत येनार हाय का, ते दाखवलं नाई."

"मंग तू डेहराडूनला जाऊन इचार," आजी म्हणाल्या, "अन् जाताना तुझ्या आईला पानी भरून ठिवून जा."